पांढरी रेघ

“पण मग तेल येतंय तरी कुठनं, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी डोळे उघडले नाहीत. भिंतीला उशी टेकवून ते खाटेवर पडले होते.

“पडतंय कुठं?”

“मागच्या अंगाला. इंजिन आणि गिअरबॉक्सचा सांधा हाय बघा, त्याच्या खाली.”

“पडतंय ते सांगितलंस. येतंय ते न्हाई सांगितलंस.”

“ते कळलं असतं तर एवढ्या उन्हाचा कशाला आलो असतो?”

“हं...” म्हणाले वस्ताद.

चैत्राचं ऊन होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला वस्तादांची पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्यांचं घर. शेडच्या दारात एक लाल स्पोर्ट्स कार उभी होती. परदेशी, जुनी, दोन माणसांची आणि उंचीला कमरेएवढीसुद्धा नाही. अशा गाडीत बसायचं म्हणजे हौदात उतरायचं, आणि बाहेर यायचं तर कुणीतरी हात द्यायला लागतो. दिनकर चौगल्याला हात द्यायला आज कुणी नव्हतं. तो एकटाच आला होता.

गाडी निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेठची. शेठच्या पोर्चात पांढरी संगमरवरी फरशी आणि तिच्यावर रोज सकाळी एक काळा टिपका. चमचाभरसुद्धा तेल नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीखाली पडलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण हे इंजिन नुकतंच सगळं उघडून नव्यानं बांधलेलं, आणि तेही दिनकरच्या वर्कशॉपमध्ये. कोल्हापूरच्या हायवेला त्याचं काचेचं ऑफिस होतं, गाड्या उचलणाऱ्या लिफ्ट होत्या, कॉम्प्युटर होता. लोक त्याला आता दिनकरशेठ म्हणत. एवढ्या सगळ्याला एक टिपका भारी पडला होता.

दिनकर दमला होता. एकाच कुलपाला जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या लावून झाल्यावर माणूस दमतो, तसा. गिअरबॉक्स खाली उतरवून झाला होता. इंजिनच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं रबराचं कडं असतं, सील म्हणतात त्याला. ते बदलून झालं. थेंब आला. परत गिअरबॉक्स उतरवला, परत सील बदललं. परत थेंब. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तशी त्या बिचाऱ्या सीलची गत झाली होती.

आणि एकट्या सीलची नव्हे.

“जोतिरामनंच बसवलं व्हतं न्हवं सील?” वस्तादांनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

“व्हय. दोन्ही वेळा.”

“मग?”

“मग काय! त्याचा हात कापतोय, वस्ताद. बशीतला चहा सांडतो त्याच्या हातनं. तसल्या हातानं सील सरळ बसंल व्हय?”

“चहा सांडतोय...” वस्ताद पुटपुटले. “मी तेलाचं विचारत व्हतो.”

दिनकरनं रुमालानं मान पुसली.

जोतिराम सुतार आणि दिनकर चौगले एकाच वर्षी, अर्ध्या चड्डीत, या शेडमध्ये आले होते. एकाच डब्यातली भाकरी खाल्ली, वस्तादांच्या एकाच हाताच्या चापट्या खाल्ल्या. पुढे दिनकरला बोलणं जमलं, गिऱ्हाईक जमलं, म्हणून तो शेठ झाला. जोतिरामला फक्त इंजिन जमलं. दिनकरच्या वर्कशॉपमध्ये कुठलंही अवघड इंजिन बांधायचं तर ते त्याच्याच टेबलावर जायचं.

गेल्या आठवड्यात निपाणीचे शेठ तणतणत आले. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती. दिनकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्यानं सगळ्यांदेखत जोतिरामला सुनावलं, “तुझा हात आता कामाचा ऱ्हायला न्हाई जोत्या. घरात बस जा.”

जोतिराम एक शब्द बोलला नाही. हातातला पाना पुसला, जागेवर ठेवला आणि चपला घालून निघून गेला. त्याची हत्यारांची पेटी अजून तिथंच होती. दिनकर रोज तिच्याशेजारून जात होता आणि रोज तिकडे बघत नव्हता.

“इचलकरंजीचा एक वर्कशॉपवाला हाय,” दिनकर म्हणाला. “जोतिराम त्याच्याकडं काम मागायला गेलाय. त्याचा मला सारखा फोन. म्हणतोय, चौगले, तुम्ही सांगा, हात कसा हाय माणसाचा. तुम्ही म्हणाल तर ठेवतो, न्हाईतर न्हाई.”

“मग काय सांगितलंस?”

“अजून काय न्हाई. म्हटलं बघून सांगतो.”

“आणि माझ्याकडं काय बघायला आलास?”

येताना रस्ताभर दिनकरनं हे वाक्य जुळवलं होतं. आता ते तोंडातून निघताना त्याला स्वतःलाच बरं वाटेना.

“तुम्ही एकदा म्हणा, जोतिरामचा हात गेला. तुमचा शब्द असला की मी त्या माणसाला खरं ते सांगायला मोकळा. माझ्या मनाला टोचणी न्हाई.”

वरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. वस्तादांकडे आयुष्यभर माणसं अशीच यायची. दुखणं घेऊन यायची आणि औषधही स्वतःच्या पसंतीचं मागायची. या वयात वस्तादांना त्याचा राग येत नव्हता, नुसता शीण येत होता.

“धुतलंस?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“इंजिन.”

“धुतलं की. वर्कशॉपला पंप हाय.”

“तू धुतलंस?”

“त्याला माणसं हायत, वस्ताद.”

“हं... डिझेल कोपऱ्यात हाय. चिंध्या डब्यात.” वस्ताद कुशीवर वळले. “धुऊन झालं, कोरडं झालं, की कॅरमची पावडर हाय फळीवर. ती मार. आणि चालू कर.”

“आणि?”

उत्तराऐवजी घोरण्याचा आवाज आला.

दिनकर उभाच राहिला. इतक्या लांब येऊन आपल्याला भांडी घासायला बसवल्यासारखं त्याला झालं. एकदा वाटलं, गाडी सुरू करावी आणि सरळ निघावं. पण जायचं कुठे? थेंब बरोबरच येणार होता.

त्यानं घड्याळ काढलं. शर्ट काढून खुंटीला लावला. चिंधी डिझेलमध्ये बुडवली.

इंजिन धुवायला बसून त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. पोट मध्ये येत होतं, गुडघे बोलत होते. पंपाच्या फवाऱ्यानं समोरचं सगळं चकाचक केलं होतं, पण बोटांना जे लागत होतं ते वेगळंच होतं. पाइपांच्या मागे, खाचांमध्ये, सांध्यांच्या खाली तेल आणि धूळ यांचा काळा लेप बसलेला. एक चिंधी काळी झाली, दुसरी झाली. चिडचिड करायलाही जोर लागतो, थोड्या वेळानं तोही उरला नाही. मग तो नुसता पुसत राहिला.

कंबर सरळ करायला तो मध्येच उठला आणि त्याची नजर भिंतीवर गेली. शेडची ती भिंत चेल्यांच्या ब्रशांनी रंगली होती. लाल, निळे, पिवळे, पांढरे फराटे, आता धुरानं सगळेच मळलेले.

ही वस्तादांच्या शेडची पद्धत होती. बोल्ट आवळून झाला की ज्यानं आवळला त्यानं बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढायची. प्रत्येकाचा रंग ठरलेला. दिनकरचा लाल, जोतिरामचा पांढरा. रेघ ओढली म्हणजे त्या माणसानं त्या बोल्टची जबाबदारी घेतली. पुढे बोल्ट केसभर जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसायची. आणि दुसऱ्याच्या रेघेवर पाना लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी त्याला विचारायचं, मगच हात घालायचा. एकदा दिनकरनं न विचारता एका निळ्या रेघेवर पाना चालवला होता, तर वस्तादांनी त्याला सबंध दुपार पायरीवर बसवून ठेवलं होतं. मारलं असतं तर परवडलं असतं.

दिनकरच्या वर्कशॉपमध्ये आता ती पद्धत राहिली नव्हती. किती जोर लागला ते सांगणारे पाने आले होते. जोतिराम मात्र अजून बुशशर्टाच्या खिशात बायकांच्या नखरंगाची रिकामी बाटली ठेवायचा, आत पांढरा ऑइल पेंट भरून. नवी पोरं त्याला हसायची. दिनकरही हसायचा.

त्यानं शेवटची चिंधी टाकली, इंजिन कोरडं केलं आणि फळीवरची पावडर घेतली. मागची सगळी बाजू पांढरी झाली. मग गाडी सुरू करून तो तिच्याशेजारी उकिडवा बसला.

इंजिनचा आवाज भरदार होता, एकसारखा, कुठे अडखळ नाही. जोतिरामनं बांधलेलं इंजिन होतं ते. दिनकरला ते कानानं कळत होतं आणि ऐकवत नव्हतं.

खालचा सांधा कोरडा होता. तो वाट बघत बसला. अजून कोरडाच. सील असतं तर एव्हाना खालची पावडर भिजली असती.

मग वरून, मागच्या अंगानं, पांढऱ्या पावडरीत एक तपकिरी ओल उतरताना दिसली. दोऱ्याएवढी. रेंगाळत, थांबत, खाचेखाचेतून खाली येत होती.

दिनकरनं इंजिन बंद केलं. ओलीवर बोट ठेवलं आणि बोट वर वर नेलं. सांध्याच्या वर, त्याच्याही वर, थेट इंजिनच्या डोक्यावर बसतं त्या झाकणापर्यंत. टॅपेट कव्हर. त्याचा सगळ्यात मागचा कोपरा गाडीच्या आडव्या पत्र्याखाली गेला होता. तिथे हात पोहोचत होता, नजर पोहोचत नव्हती.

“वस्ताद, आरसा हाय का?”

“दाढीचा हाय. खिडकीत.” म्हणजे म्हातारा जागाच होता.

दिनकरनं तो तळहाताएवढा जुना आरसा पत्र्याखाली धरला. धुऊन धुऊन हात इतका भरून आला होता की आरसा स्थिर राहीना. आधी त्याला स्वतःचं नाक दिसलं, ग्रीस लागलेलं. मग डबडबलेला कोपरा. चिंधी आत घालून त्यानं चाचपडत तो पुसला आणि परत आरसा धरला. हात थरथरत होता. दुसऱ्या हातानं त्यानं मनगट पकडलं, तेव्हा कुठे नीट दिसलं.

कव्हरखालचं कॉर्कचं पॅकिंग फाटून बाहेर आलं होतं. जास्त दाबून लाटली की पोळीतून पुरण येतं, तसं. वर बोल्ट होता. बोल्टच्या डोक्यावर अर्धी पांढरी रेघ होती. कव्हरच्या पत्र्यावर उरलेली अर्धी होती.

दोन्ही एकमेकींना मिळत नव्हत्या.

“काय दिसतंय?” वस्तादांनी विचारलं.

ते उठून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिनकर त्यांना असलाच तर एक डाग म्हणून दिसत असेल.

“टॅपेट कव्हरचं पॅकिंग फाटलंय. मागच्या कोपऱ्यात. तिथनं तेल उतरतंय आणि सांध्यावर येऊन पडतंय. सीलचा काय संबंध न्हाई.”

“फाटलं कशानं?”

“जास्त आवळलंय.”

“कुणी?”

दिनकरनं आरशात परत बघितलं.

त्याला ती संध्याकाळ आठवली. इंजिन गाडीत बसवून झालं होतं. जोतिराम हात धुवायला गेला होता. थोड्याच वेळापूर्वी त्याच्या हातातल्या बशीतून चहा हिंदकळलेला दिनकरनं पाहिला होता. मनात आलं, आपल्या समाधानासाठी एकदा बघून घ्यावं. मग त्यानं पाना घेतला आणि कव्हरचा एकेक बोल्ट थोडा, अगदी थोडा, पुढे ओढला. मागच्या कोपऱ्यातला नुसत्या हातानं चाचपडत. आपण काही वाईट करतोय असं तेव्हा त्याला वाटलं नव्हतं. काळजी घेतोय असंच वाटलं होतं. नंतर तो ते साफ विसरून गेला होता.

खुंटीवरच्या शर्टात फोन वाजायला लागला. इचलकरंजीचाच असणार.

वस्तादांना दिसत नव्हतं. जोतिराम इथं नव्हता. “कव्हर त्यानंच आवळलेलं,” एवढं म्हटलं तरी ते अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्यावर दिनकरचे आजवर कितीतरी दिवस निघाले होते. फोन वाजून वाजून बंद झाला.

“दिनकरा,” वस्ताद म्हणाले, “रेघ हाय का?”

“...हाय.”

“रंग?”

“पांढरा.”

“सरळ हाय?”

दिनकरला लाज वाटली. त्यानं आरसा खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या सोबत्याला त्यानं चारचौघांत मोडीत काढलं होतं, आणि तो सोबती एक शब्द न बोलता पाना पुसून गेला होता.

“तुटलीय,” तो म्हणाला. “त्यानं सरळ ओढलेली, वस्ताद. बोल्ट नंतर फिरवला... मी.”

वस्तादांनी मान हलवली. आश्चर्य नाही, राग नाही. पाठीमागची उशी काढून त्यांनी मांडीवर घेतली.

“जोतिराम आला व्हता परवा,” ते म्हणाले.

“काय म्हणाला?”

“बसला. चहा घेतला. गेला.”

“माझं काही...?”

“चहा सांडला थोडा,” वस्ताद म्हणाले. “फडक्यानं पुसून गेला.”

फोन परत वाजला. दिनकरनं हात पँटला पुसले, शर्टाच्या खिशातून फोन काढला. इचलकरंजीचा माणूस घाईत होता. नमस्कार चौगलेशेठ, मग माणसाचं काय, हात कसाय?

“हात सोन्यासारखा हाय,” दिनकर म्हणाला. “इंजिन बांधावं तर त्यानंच. चूक माझी व्हती, त्याची न्हवं. सगळ्यांदेखत बोललो, तेही चुकीचं बोललो. तुमच्याकडं आला तर तुमचं नशीब. ... न्हाई, आता मी ठेवतो म्हटलं तरी तो ऱ्हाईल का न्हाई, मला ठाऊक न्हाई.”

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. आपण आपल्या हातानं जोतिरामला वाट करून दिली, आता तो जाईल, एवढंच वाटलं. ती पेटीसुद्धा कुणीतरी न्यायला येईल. टेबल रिकामं होईल.

पण हातातलं काम तरी होतं. गाडीच्या डिकीत पॅकिंगचा अख्खा सेट होता. कव्हर काढायचं, नवं पॅकिंग टाकायचं, बेतानं आवळायचं. एवढ्यासाठी गिअरबॉक्स दोनदा उतरवला होता. त्यानं सेट आणला, वस्तादांच्या भिंतीवरचा पाना घेतला आणि पत्र्याखाली हात घातला.

पाना बोल्टवर बसल्याचा टक् असा आवाज झाला.

“काय करतोयस?” वस्तादांनी विचारलं.

“पॅकिंग बदलतो. चहा होईस्तोवर होतंय. मग जोतिरामकडं जातो, सगळं सांगतो. गाडी नीट करून दाखवली म्हणजे...”

“पाना काढ.”

दिनकर थांबला. “का?”

“रेघ कुणाची हाय?”

गाडीखालच्या फरशीवर एक नवा थेंब येऊन पडला होता.

“...जोतिरामची,” दिनकर म्हणाला.

वस्तादांनी उशी परत भिंतीला लावली. पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

“मग आधी त्याला विचारून ये. तोवर गळू दे.”